कनूच्या सहलीची बांधाबांध : नाशिककर वारंवार विचारतात ते प्रश्न

दसरा झाला की आमच्याकडे विचारणा सुरू होते. पाऊस थांबलेला असतो, धरणं काठोकाठ असतात आणि कुणाच्या तरी भाच्याने फुगवायची होडी मागवलेली असते. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आम्ही कुणी प्रशिक्षक नाही. नाशिकच्या आसपासच्या धरणांत काही हिवाळे वल्ही मारलेली आणि त्यात बऱ्याचदा भिजलेली चार-पाच माणसं आहोत, एवढंच.

कनू म्हणजे नेमकं काय? कयाक आणि कनू एकच ना?

नाही. कनू वरून उघडी असते, आपल्या साध्या होडीसारखी, पण अरुंद आणि हलकी. वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. कयाक बहुतेक वेळा वरून झाकलेली असते, तिच्यात पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. रोइंग हा तिसराच प्रकार. रोइंगपटू दत्तू भोकनळ हे चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये ते तेरावे आले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने टीव्हीवर पाहिलं ते रोइंग. त्यात जायच्या दिशेला पाठ असते. कनूत तोंड पुढे असतं, समोरचा खडक दिसतो. तो चुकवता येतोच असं नाही.

सामानाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा, की कनूत भरपूर जागा असते. आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते. जागा दिसली की आपण ती भरतो.

जायचं कुठे? परवानगी लागते का?

लागते. धरणं जलसंपदा विभागाकडे आहेत, तेव्हा आधी तिथे विचारा. गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे. पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्याने अशा देखरेखीच्या जागीच सुरुवात करावी. गंगापूरचं पाणी आपल्याच नळाला येतं हेही लक्षात असू द्या, त्यात साबण आणि खरकटं सोडू नका. भिंत, सांडवा आणि पाणी उपसायची विहीर यांच्या जवळपास जायचं नाही. तिथे पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं.

नांदूर मध्यमेश्वरला स्वतःची होडी नेण्याचा विचारच सोडा. ते अभयारण्य आहे, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि आपल्याला सुट्टी असते त्याच दिवसांत तिथे हजारो पक्षी पाहुणे आलेले असतात. दुर्बीण घेऊन काठावरून बघा. शहरातली गोदावरीही नको. सोमेश्वरचा धबधबा, ठिकठिकाणचे बंधारे आणि पाणवेली यांतून कनू काढणं म्हणजे मिसळीतून केस काढण्यासारखं आहे.

कोणत्या दिवसांत जावं?

दिवाळीच्या आगेमागे ते फेब्रुवारीपर्यंत, तेही सकाळी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि मोठ्या धरणात लाटा उठतात. पाणी उतरल्याने काठाला गुडघाभर गाळही लागतो. पावसाळ्यात अजिबात नाही. गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला की पाणी कुठवर आलंय ते नाशिककर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवतात. ते बघायलाही पुलावर उभं राहावं, होडीत बसून नव्हे.

एका रात्रीसाठी किती सामान घ्यावं?

या प्रश्नाला आम्ही किलोत उत्तर देत नाही. घरी फरशीवर सगळं सामान मांडा आणि एकेका वस्तूकडे बघून विचारा : आत्ता होडी उलटली तर हिचं काय होईल?

उत्तरं तीनच निघतात. तरंगेल, बुडेल किंवा भिजून निकामी होईल. तरंगणारी असेल तर ती वाहून जाणार नाही याची सोय करा. बुडणारी असेल तर ती बांधा, नाहीतर घरी ठेवा. भिजून निकामी होणारी असेल तर ती दोन थरांत बंद करा. दुसरा प्रश्न घरच्या माणसांनी विचारायचा : ही हवीच आहे का?

आमच्या पहिल्या फेरीत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आम्ही पाच लिटरचा कुकर नेला, कारण चौघांना वरण-भात हवा होता. शिवाय पत्त्यांचे दोन कॅट, एक मोठा ब्लूटूथ स्पीकर आणि काचेच्या बरणीत लोणचं. काठापासून वीस-पंचवीस हातांवर दोघे एकाच वेळी एकाच बाजूला वाकले. होडी काही उलटली नाही, नुसती कलंडली आणि पाणी आत आलं. कुकरचं भांडं सापडलं. झाकण अजून तळाशी आहे. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्यातला एक जण तिथे जाऊन शोधतो.

लाइफ जॅकेट लागतंच का? मला पोहता येतं.

लागतंच. पट्टीचा पोहणाराही डोक्याला होडीची कड लागल्यावर पोहत नाही. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला फक्त आधार देतं. १०० आणि त्यावरची, मानेमागे कॉलर असलेली जॅकेटं बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याच्या वर फिरवण्यासाठी बनवलेली असतात. पोहता न येणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचंच घ्यावं. वल्हं मारताना ते थोडं अडचणीचं होतं, पण चालेल.

दुकानात घालून बघा, सगळे पट्टे आवळा आणि मग कुणाला तरी दोन्ही खांद्यांकडून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांचं जॅकेट वजनावरून ठरतं आणि त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. ‘वाढत्या अंगाचं’ घेण्याची आपली सवय शाळेच्या गणवेशापुरती ठेवा.

आणि जॅकेट अंगात हवं. बसायला उशी म्हणून खाली घेतलेलं जॅकेट हे जॅकेट नव्हे. त्याला एक शिट्टीही बांधा. हाकेपेक्षा शिट्टी लांब जाते आणि घसा बसत नाही.

सामान कशात भरायचं? महागड्या ड्राय बॅगा घ्याव्याच लागतात का?

एक-दोन घ्या, सगळ्या नकोत. कोरडे कपडे आणि पांघरूण यांच्यासाठी चांगली ड्राय बॅग, म्हणजे तोंड दुमडून बंद करायची जलरोधक पिशवी असावी. बाकीचं नाशिकच्या कुठल्याही घरात आणि मळ्यात असतंच.

आमची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा, आत रबराची चकती असलेला प्लास्टिकचा ड्रम. ३० लिटरचा एका माणसाला पुरतो. तो तरंगतो, त्यावर बसता येतं आणि रात्री कुत्र्याला उघडता येत नाही. मात्र औद्योगिक वसाहतीकडच्या भंगारात मिळणारा स्वस्त ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. विक्रेता ‘काही नाही भाऊ, साबणच होता’ म्हणाला, तर त्यात दोऱ्या ठेवा, पोहे नकोत. द्राक्षाच्या फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा तर कितीही धुतला तरी कशालाच वापरू नका.

शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे तुकड्यांत सहज मिळतो. तंबूखाली अंथरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. द्राक्षाचं रिकामं कॅरेट मात्र आणू नका. सामान नीट बसतं, पण त्याचे कोपरे फुगवायच्या होडीला घासतात आणि भोकांतून पाणी आत शिरतं ते वेगळंच.

पाठीवरची शाळेची सॅकही चालते, आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घाला आणि तिचं तोंड पिळून, दुमडून रबराने बांधा. एका पिशवीऐवजी दोन घातल्या तर निम्म्या पैशात ड्राय बॅगेचं निम्म्याहून जास्त काम होतं.

ड्राय बॅग घेतली, तरी आतलं भिजलं. का?

कारण ती गच्च भरली होती. तोंडाशी चौथा हिस्सा मोकळा सोडायचा, हवा दाबून काढायची, दोन्ही कडा सरळ जुळवून किमान तीन घड्या घालायच्या आणि मग क्लिप लावायची. दोन घड्यांची बॅग पावसाला टिकते, बुडाली की टिकत नाही. भरलेली बॅग घरीच पाण्याच्या टाकीत पाच मिनिटं दाबून धरा, आत एक वर्तमानपत्राचा कागद ठेवून. कागद ओला झाला तर कळेल.

हवा सगळी काढू नये असंही काही जण म्हणतात, म्हणजे बॅग तरंगते. कपड्यांची बॅग तशीही तरंगते. फुगलेली बॅग मात्र होडीत घरंगळत राहते.

होडीत काय कुठे ठेवायचं?

जड ते खाली आणि मध्यभागी, हलकं ते टोकांना. सगळ्यात जड असतं पाणी, एक लिटर म्हणजे एक किलो. तेव्हा पाण्याचे कॅन होडीच्या दोन कडा जोडणाऱ्या मधल्या आडव्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना, तळाला टेकवून ठेवा. त्यावर जेवणाचा ड्रम. तंबू आणि पांघरुणं पुढे-मागे. होडीच्या काठाच्या वर काहीही डोकावता कामा नये. उंच सामान वारा पकडतं आणि तोल वर नेतं.

सगळं भरून, माणसं बसवून, मग काठावर उभ्या असलेल्याला बघायला सांगा. होडीची कड पाण्याच्या वर निदान वीतभर दिसली पाहिजे, अगदी कमीत कमी १५ सेंटीमीटर. त्याहून कमी असेल तर एक तर सामान उतरवा नाही तर माणूस. पुढचं आणि मागचं टोक जवळजवळ सारखं असावं, मागचं किंचित खाली असलं तर होडी सरळ जाते. समोरून वारा असेल तर मात्र थोडं वजन पुढे सरकवा, नाही तर पुढचं हलकं टोक वारा फिरवत राहतो आणि तुम्ही गोल गोल वल्हवत बसता. त्यासाठी एखादी पाण्याची बाटली किंवा छोटी बॅग हलवता येईल अशी ठेवावी.

आडवा समतोलही बघा. जाड नवरा आणि बारीक बायको असेल तर सामानाचं स्थान कोण सांगणार, यावर घरी आधीच तह करून ठेवावा.

सामान होडीला बांधायचं की मोकळं ठेवायचं?

यावर आमच्यात दोन पक्ष आहेत आणि भांडण मिटलेलं नाही. एक पक्ष म्हणतो, सगळं घट्ट बांधा. उलटली तरी काही वाहून जाणार नाही आणि हवाबंद ड्रम होडीला तरंगत ठेवायला मदतच करतील. दुसरा म्हणतो, शांत पाण्यात बांधू नका. भरलेली होडी सरळ करणं आणि तिच्यातलं पाणी काढणं फार अवघड जातं, मोकळं सामान आजूबाजूला तरंगतं, ते एकेक गोळा करता येतं.

हे लिहिणारा आता मधल्या वाटेवर आला आहे. प्रत्येक मोठ्या नगाला एक आखूड पट्टा आणि चटकन उघडणारी क्लिप, ती आडव्या पट्टीत अडकवलेली. उलटल्यावर हाताने दाबली की नग सुटला. लहानसहान काहीही सुटं नसावं, ते मोठ्या नगाच्या पोटात गेलं पाहिजे. आणि लांब, लोंबती दोरी कुठेही नको. पाण्यात पायाला अडकलेली दोरी हा सामान वाहून जाण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. म्हणूनच प्रत्येकाच्या जॅकेटला किंवा खिशाला हाताशी येईल असा छोटा चाकू असावा. सफरचंद कापायला नव्हे, दोरी कापायला.

होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला मात्र तरंगणारी तीन-चार मीटर दोरी हवीच. तिची वेटोळी करून रबराखाली दाबून ठेवा. काठाला लागल्यावर होडी धरायला, खडकाळ जागी ओढून न्यायला तिचाच उपयोग. सुतळी नको, ओली झाली की गाठ सुटत नाही.

वल्ही किती आणि केवढी?

दोन माणसांना तीन. जास्तीचं वल्हं मागे बसणाऱ्याच्या हाताला येईल असं ठेवा, सामानाखाली गाडलेलं नको. माप बघायला खुर्चीत ताठ बसा, वल्हं उलटं करून मूठ बैठकीवर टेकवा. पातं सुरू होतं ती जागा हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान आली पाहिजे. फार लांब वल्ह्याने खांदा दुखतो, आणि तो दुखतो हे परतीच्या वाटेवर कळतं.

आत आलेलं पाणी काढायचं कशाने?

पाच लिटरचा तेलाचा कॅन, झाकण लावलेला, तळ तिरका कापलेला. मूठ आहेच. होडीला दोरीने बांधा. शिवाय गाडी पुसायचा मोठा स्पंज. याहून चांगलं आणि स्वस्त साधन आम्ही अजून पाहिलं नाही.

कपडे कोणते?

जीन्स सोडून काहीही, असं म्हणावंसं वाटतं. जाड सुती कपडा पाणी धरून ठेवतो, जड होतो आणि डिसेंबरच्या वाऱ्यात अंगावर बर्फाच्या लादीसारखा बसतो. क्रिकेट खेळायचा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, पूर्ण बाह्यांचा असेल तर उत्तम. खाली तसलीच ट्रॅक पँट. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि गुडघ्यांवर भाजतं, तिथे टोपीचा उपयोग नाही. मोठा रुमाल किंवा उपरणं मानेभोवती हवं. टोपी आणि चष्मा दोरीने बांधा.

पायात मागे पट्टा असलेली सँडल. स्लीपर गाळात पहिल्याच पावलाला राहते. अनवाणी तर नकोच. काठाला बाभळीचे काटे असतात, फुटक्या बाटल्या असतात. पाणी उतरल्यावर उघडे पडलेले झाडांचे खुंट आणि शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइपही असतात. मोटारीच्या वायरी पाण्यातून गेलेल्या दिसल्या तर त्या जागेपासून लांब राहा, वायर जुनी आहे की नवी ते होडीतून कळत नाही.

एक पूर्ण कोरडा जोड, आतल्या कपड्यांसकट, वेगळ्या पिशवीत. तो मुक्कामी पोचेपर्यंत उघडायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

रात्री थंडी किती असते? पांघरूण काय घ्यावं?

निफाडकडचे लोक या प्रश्नाला हसतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा हिवाळ्यात १० अंशांखाली नेहमीच जातो, काही वर्षी ५ च्याही खाली. पाण्याकाठी दव पडतं आणि पहाटे तंबू बाहेरून धुतल्यासारखा ओला असतो. सोलापुरी चादर घरी ठेवा. ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. स्लीपिंग बॅग असेल तर ठीक. नसेल तर घोंगडी. ती जड आहे, टोचते, पण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते. खालून येणारा गारवा जास्त छळतो, म्हणून पाठीखाली जाड फोमची चटई हवी.

मुक्काम उसाच्या किंवा द्राक्षबागेच्या कडेला, उघड्यावर नको. आपल्या जिल्ह्यात बिबट्या ही बातमी नाही, शेजारी आहे. वस्तीजवळ, विचारून, तंबूत झोपा. गावातल्या माणसाला आधी भेटलात तर जागाही चांगली मिळते आणि सकाळी दूधही.

जेवणाचं काय?

इथे आम्ही जरा पाल्हाळ लावणार.

पाण्यावर जेवण दोन प्रकारचं लागतं. होडीत बसल्या बसल्या एका हाताने खायचं, आणि काठावर बसून निवांत खायचं. पहिल्यासाठी शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी, बेदाणे, फुटाणे-गूळ. बेदाणे तर आपल्याच तालुक्यांतले. कमरेच्या छोट्या डब्यात ठेवा, दर तासाला मूठभर. चिवडा होडीत उघडू नका. अर्धा वाऱ्यावर जातो, उरलेला तळाच्या पाण्यात भिजतो आणि स्पंज मग तेलकट होतो. नाशिकचा चिवडा काठावर, कांदा चिरून, लिंबू पिळून खायची गोष्ट आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी आपल्या आज्यांनी सगळं शोधून ठेवलेलं आहे, फक्त त्याला शिदोरी म्हणायच्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. धपाटे टिकतात, तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी टिकते, तेलावर परतलेला ठेचा टिकतो. बाजरीची भाकरी थंडीत पहिल्या रात्रीपर्यंत छान, नंतर कडक. गुळपोळी तर पेपरात गुंडाळून आठवडाभर नेता येईल. ओलं खोबरं, दही, उसळ, पनीर यांच्या वाटेला जाऊ नका.

गरम एकच पदार्थ करा. मुगाची खिचडी, तीही घरून तांदूळ, डाळ, मीठ, हळद, जिरं एका पिशवीत मोजून. धुतलेले आणि पूर्ण वाळवलेले डाळ-तांदूळ घेतले तर पाणीही वाचतं. छोटा गॅस स्टोव्ह आणि एक पातेलं. काडेपेटी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या डब्यांत, आणि तिसऱ्या ठिकाणी लायटर. आमच्याकडे एकदा तीन काडेपेट्या एकाच ओल्या खिशात होत्या. त्या रात्री आम्ही भिजवलेले पोहे आणि साखर खाल्ली, आणि चहाची आठवण काढली.

चहाचं सामान विसरलात तर हा सगळा लेख व्यर्थ.

धरणाचं पाणी पिता येईल का? स्वच्छ दिसतं.

दिसतं. पण काठावर म्हशी डुंबतात आणि पावसात फवारणी केलेल्या बागांचं पाणीही तिकडेच वाहतं. जंतू उकळल्याने मरतात, फवारणीचं औषध उकळल्याने जात नाही. एका रात्रीसाठी घरूनच न्या, माणशी दिवसाला चार लिटर धरून. अगदीच कमी पडलं तर आधी गावात मागा. कुणी नाही म्हणत नाही.

दोन दोन लिटरच्या बाटल्या मोठ्या कॅनपेक्षा बऱ्या. एक फुटली तर सगळं जात नाही, आणि तोल सावरायला इकडेतिकडे हलवता येतात.

मोबाइल, गाडीची चावी, पाकीट?

मोबाइल पारदर्शक जलरोधक पाउचमध्ये, दोरी जॅकेटला. पाउच वापरायच्या आधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून बघा. दोन फोन असतील तर ते दोन माणसांकडे असावेत, एका बॅगेत नव्हे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. धरणाच्या वरच्या अंगाला रेंज जाते, तेव्हा निघण्याआधी घरी सांगून जा : कुठून उतरतोय, कुठे मुक्काम, किती वाजता फोन येईल, आणि नाही आला तर कुणाला कळवायचं.

चावीबद्दल बोलताना अजून पोटात गोळा येतो. एकदा ती माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. पुढे तरंगत चाललेली टोपी उचलायला वाकलो. टोपी मिळाली. दुसरी चावी घेऊन मेहुणे पंचवटीहून स्कूटरवर आले, चेहऱ्यावर राग नव्हता, फार फार आनंद होता. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, ‘पाहुणे, चावी आहे ना?’ चावी बंद चेनच्या खिशात, दोरीला, सोबत रिकाम्या बाटलीचं बूच नव्हे तर खरोखर तिला तरंगवेल एवढा फोमचा तुकडा. तोही बादलीत टाकून तपासा. दुसरी चावी काठावर थांबणाऱ्याकडे.

औषधांच्या डब्यात काय?

पट्ट्या, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी, चिमटा, क्रेप बँडेज, ताप-दुखीच्या गोळ्या, ज्याची त्याची रोजची औषधं दुप्पट आणि दोन जागी. ओआरएसची पाकिटं. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. घरी आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका. तो भाग हलवू न देता सरळ दवाखाना.

कनू गाडीच्या टपावर कशी बांधायची?

उलटी करून, कॅरिअरच्या दोन दांड्यांवर, मध्ये फोम. दोन आडवे पट्टे, आणि पुढच्या व मागच्या टोकाची एकेक दोरी गाडीच्या खालच्या हुकाला. ही टोकांची दोरी लोक टाळतात आणि महामार्गावर ट्रक शेजारून गेला की होडी वर उचलली जाते. कांद्याच्या गोण्या बांधणारा टेम्पोवाला दोरीला फास करून ती ज्या गाठीने ताणतो, ती त्याच्याकडून शिकून घ्या. पाच मिनिटांत शिकवतो. मात्र त्याच्याइतकी ताकद लावू नका, गोणी दबते, फायबर तडकतं. दहा किलोमीटरवर थांबून एकदा पुन्हा ताणा.

पहिल्यांदाच जातोय. आधी घरी काय करून बघावं?

पंधरा दिवस आधी सगळं बांधून, रिकामं करून, पुन्हा बांधा. अंधारात तंबू लावून बघा, गच्चीवर. शेजारी विचारतील, सांगा.

आणि एकदा होडी मुद्दाम उलटवा. उथळ, छातीभर पाण्यात, जॅकेट घालून, काठावर दोन माणसं उभी करून, अगदी मुक्कामाला नेणार त्याच सामानासकट. कपड्यांच्या बॅगेत जुने कपडे, जेवणाच्या ड्रममध्ये वाळू. घरी फरशीवर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच मिळतं. होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं, हेही अंगवळणी पडतं. दहापैकी नऊ जण ही पायरी वगळतात. आम्हीही वगळली होती, कुकरच्या वर्षी.

कोळ्यांची जाळी आडवी आली तर?

वळसा घाला. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. ते त्यांचं रोजचं पोट आहे. चुकून वल्हं अडकलंच तर जाळं कापू नका, मागे येऊन हळू सोडवा. आणि काठावर भेटले तर थांबून बोला. कुठे खडक आहे आणि वारा किती वाजता सुटतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

परत आल्यावर सामानाचं काय करायचं?

दमला असाल तरी त्याच दिवशी सगळं उघडा. ड्राय बॅगा उलट्या करून सावलीत, जॅकेटं हँगरवर, दोऱ्या सोडून दांडीवर. ओली बंद ठेवलेली बॅग पुढच्या वर्षी उघडलीत तर घरातलं कुणी तुमच्याशी बोलणार नाही. तंबूच्या शिवणी वाळल्याखेरीज घडी घालू नका. फुगवायच्या होडीतली वाळू पुसून काढा, तीच घडीत घासून भोक पाडते.

कनू उलटी, जमिनीपासून उचलून, विटांवर ठेवा. पुढच्या वेळी ती सरळ करताना आधी वल्ह्याने दोनदा ठोका आणि लांबून उचला. आमच्या कनूखाली गेल्या ऑक्टोबरमध्ये एक विंचू आणि कुणाची तरी चार महिने हरवलेली सँडल निघाली.